टॉवर, देऊळ आणि साडेअठरा हजारांची ‘एनओसी’

परवा रात्री साडेनऊला बळसाण्याहून, म्हणजे धुळे जिल्ह्यातल्या प्राचीन देवळांच्या गावाहून, मामांचा फोन आला. “भाचा, हाई खरं शे का? पैसा भरी देऊ का?” मामा असं विचारतात तेव्हा पैसे भरायची तयारी झालेली असते आणि फक्त कुणीतरी ‘हो’ म्हणायचं बाकी असतं, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. मी सात वर्षं मोबाइल टॉवरसाठी जागा बघत धुळे-जळगाव-नंदुरबार फिरलो आहे, म्हणून हा मान माझा.

मेसेज तुमच्याही गटावर आला असेल. हात जोडलेले, झेंडे, शंख वगैरे वगळून मजकूर असा: नवीन टेलिकॉम कायदा २०२३ मुळे पुरातत्त्वाची १०० मीटरची अट (संरक्षित स्मारकापासून तेवढ्या अंतरात बांधकामाला बंदी) रद्द झाली आहे. अमेरिकेत तर अशी अट नाहीच. अंतर गाभाऱ्यापासून मोजतात, त्यामुळे तुमची जमीन बाहेरच असते. टॉवर म्हणजे विजेच्या खांबासारखी सार्वजनिक सोय, ते बांधकाम नव्हे. प्राचीन मंदिर आणि किल्ल्यांजवळच्या शेतकऱ्यांसाठी केंद्राची ‘हेरिटेज टॉवर योजना’ आहे: दरमहा ४५ हजार भाडं, २० लाख अ‍ॅडव्हान्स, घरातल्या एकाला नोकरी. पुरातत्त्व एनओसीची फी फक्त १८,५०० रुपये. दहा गटांवर पाठवा.

शेवटापासून सुरुवात करतो, कारण मामांचे पैसे तिथूनच जाणार होते.

पहिल्या ओळीत सांगता की अट रद्द झाली आणि शेवटच्या ओळीत त्याच अटीच्या एनओसीचे साडेअठरा हजार मागता! अट गेली असेल तर एनओसी कशाची? एवढं साधं गणित दहा गटांतल्या एकालाही पडलं नाही. मामांना सोबत एक पत्रही आलं होतं. वर अशोकस्तंभ, खाली ‘सत्यमव जयते’. एक मात्रा खाल्ली तरी खपून जाईल असं वाटलं असावं. सही ‘मुख्य टॉवर अधिकारी’ यांची. बँक खातं कुणा एका माणसाच्या नावाचं, बचत खातं. केंद्र सरकारची फी कधीपासून कुणाच्या बचत खात्यात जमा व्हायला लागली?

पत्रात ट्रायचा, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाचा, शिक्काही होता. ट्रायने वारंवार जाहीर केलं आहे की टॉवर बसवायला आम्ही कुठलीही एनओसी देत नाही. दूरसंचार विभागही सांगत आला आहे की टॉवरसाठी जागा भाड्याने घेण्याच्या व्यवहारात आमचा प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष संबंध नाही आणि आम्ही त्यासाठी फी घेत नाही. खरा व्यवहार कसा होतो ते मी सांगतो. कंपनी रेंजच्या नकाशावर एक गोल काढते, त्याला आम्ही ‘सर्च रिंग’ म्हणतो. त्या गोलात आमच्यासारखा माणूस मोटारसायकलवर हिंडतो, दोन-तीन जागा बघतो, सातबारा आणि आठ-अ घेतो आणि करार होतो. पैसा कंपनीकडून मालकाकडे येतो, उलटा कधीच जात नाही. सात वर्षांत मी जमीनमालकाचा एक रुपया घेतला नाही. चहा मात्र इतका प्यायलोय की अ‍ॅसिडिटी कायमची मागे लागली. आणि जागा आम्ही शोधत येतो. ‘आधी पैसे भरा, मग तुमची जागा निवडू’ असं सांगत आलेला माणूस टॉवरवाला नसतोच.

पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. गेले नसतील आणि नुसता मेसेज आला असेल तर दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ या वेबसाइटवर ‘चक्षु’मध्ये तक्रार टाका.

आता गाभाऱ्यापासूनच्या अंतराकडे. हा मुद्दा मला जास्त चीड आणतो, कारण यात नुसते साडेअठरा हजार जात नाहीत, माणूस खटल्यात अडकू शकतो.

१९५८ च्या प्राचीन स्मारक कायद्यात २०१० च्या दुरुस्तीने कलम २०-अ आलं. त्यात अंतर कुठून मोजायचं ते स्पष्ट लिहिलं आहे: संरक्षित क्षेत्राच्या किंवा संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून, सगळ्या दिशांना. गाभारा, कळस, दरवाजा, नंदी यातलं कशाचंही नाव तिथे नाही. तिथून १०० मीटर प्रतिबंधित क्षेत्र आणि त्यापुढे आणखी २०० मीटर विनियमित क्षेत्र.

रविवारी मी स्वतः बळसाण्याला गेलो. मामेभाऊ उपग्रहाच्या नकाशात शिखरावर बोट ठेवून बसला होता. “दादा, एकशे अठरा मीटर येतंय. बाहेर शे.” मी गाडीतून तीस मीटरची टेप काढली आणि देवळांच्या कुंपणाच्या खांबाला एक टोक त्याच्या हातात दिलं. पहिली टेप कांद्याच्या वाफ्यांतून गेली, दुसरी बांधावरून. तिसरी बाभळीच्या काट्यांत अडकली, पण ती पूर्ण टाकायची गरजच पडली नाही. एकविसाव्या मीटरला मामांनी टॉवरसाठी ठरवलेल्या जागेची खुंटी आली. साठ आणि एकवीस, एक्क्याऐंशी. वर कुंपण म्हणजेच हद्द असंही नाही. हद्द असते ती कागदावरची, आणि ती कुंपणाच्या बाहेरही असू शकते. मामा खुंटीकडे बघत म्हणाले, “म्हनजे देऊळ वाढनं का?” देऊळ नाही वाढलं मामा, टेप खरं बोलली.

या १०० मीटरच्या आत नवीन बांधकामाला परवानगी मिळायला कठीण आहे असं नव्हे. ती देताच येत नाही. २०-अ च्या चौथ्या पोटकलमात सार्वजनिक कामांना आणि लोकांसाठी अत्यावश्यक प्रकल्पांनाही नकार आहे. कलम ३०-अ प्रमाणे शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. जुन्या घराची दुरुस्ती ही वेगळी गोष्ट. १६ जून १९९२ पूर्वीचं घर असेल तर तिच्यासाठी अर्ज करता येतो. म्हणून ‘देवळाजवळ राहतो म्हणून कौलं बदलता येत नाहीत’ ही गावातली दुसरी अफवाही चूकच. तसंच ‘३०० मीटरपर्यंत काहीच होत नाही’ हेही चूक. १०० ते ३०० मीटरच्या पट्ट्यात सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. तो पंधरा दिवसांत राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाकडे जातो, प्राधिकरणाने दोन महिन्यांत स्मारकावर काय परिणाम होईल ते कळवायचं असतं. जिन्यावरची खोली आणि पाण्याची टाकी धरून एकूण उंची विचारतात. टॉवरची उंची लपवायला तिथे कुठलीच जागा नाही.

आणि हे सगळं केंद्राने संरक्षित केलेल्या स्मारकांसाठी. राज्याच्या यादीतल्या वास्तूंना १९६० चा राज्याचा वेगळा कायदा आहे. आपल्या गावची वास्तू कुठल्या यादीत आहे ते आधी बघा. निळा फलक असतो, त्यावर लिहिलेलं असतं. बळसाण्याचा फलक मी लहानपणापासून बघतोय. त्याला टेकून उभा राहून काढलेला माझा फोटोही घरात आहे. पण फलक वाचला मात्र नोकरीला लागल्यावरच.

२०२३ चा कायदा. तो टेलिकॉमचा कायदा आहे. त्यात वाहिन्या आणि टॉवर टाकायला जागेचा हक्क कसा मिळवायचा हे आहे, १९५८ चा कायदा त्याने खोडलेला नाही. मात्र इथे नाइलाजाने एक गोष्ट मान्य करतो. २०२२ मध्ये त्या वेळच्या नियमांत दुरुस्ती झाली होती. खासगी जागेवर टॉवर असेल तर स्थानिक संस्थेची परवानगी लागणार नाही, इमारतीवर असेल तर आगाऊ लेखी कळवायचं आणि इमारत पेलेल असं स्ट्रक्चरल इंजिनिअरचं प्रमाणपत्र जोडायचं, अशी ती दुरुस्ती. त्यातून ‘परवानगी लागत नाही’ एवढंच उचललं गेलं. ग्रामपंचायतीची परवानगी आणि पुरातत्त्वाची परवानगी या दोन वेगळ्या खिडक्या आहेत.

काही गटांवर ‘२०१८ मध्येच अट गेली’ असंही फिरतंय. जानेवारी २०१८ मध्ये लोकसभेने एक दुरुस्ती विधेयक मंजूर केलं होतं, हे खरं. राज्यसभेने ते प्रवर समितीकडे पाठवलं, २०१९ ला लोकसभा विसर्जित झाली आणि त्याचा कायदा झालाच नाही. झाला असता तरी सूट मिळणार होती ती केंद्राच्या पैशातून होणाऱ्या सार्वजनिक कामांना. मामांच्या कांद्याच्या वाफ्यातल्या खासगी टॉवरला नाही.

विजेच्या खांबाचा मुद्दा ज्याने लिहिला त्याने कायदा कुठेतरी वाचला असावा, एवढी दाद देतो. ‘बांधकाम’ या शब्दाच्या व्याख्येतून गटारं, पाणीपुरवठा, वीजपुरवठा आणि लोकांसाठीच्या ‘तत्सम सोयी’ वगळल्या आहेत. शब्द आहेत. पण त्यात मोबाइल टॉवर बसतो असं तिथे कुठेही लिहिलेलं नाही. वकिलाला वाद घालायला जागा आहे, पण शेतकऱ्याने स्वतःच निकाल लावून पाया खोदायला नाही.

आणि पाया हीच खरी गोष्ट आहे. विजेच्या खांबाला खड्डा लागतो हातभर रुंद. जमिनीवरच्या टॉवरला पूर्ण पाया, डिझेल जनरेटरचा ओटा, केबिन आणि कुंपण. आपल्या खान्देशात जमिनीखाली काय असेल सांगता येत नाही. तापीकाठी प्रकाशे इथे १९५५ मध्ये उत्खनन झालं, तेव्हा तिथे ताम्रपाषाण काळातल्या वस्तीचे थर मिळाले. सावळद्याच्या नावाने तर मडक्यांचा एक अख्खा प्रकारच ओळखला जातो. चाळीसगाव तालुक्यातल्या पाटण्याला शहामृगाच्या अंड्याच्या कवचावर कोरलेली नक्षी सापडली, सुमारे २५ हजार वर्षं जुनी. (त्याच पाटण्याला भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने १२०७ मध्ये काढलेल्या मठाचा शिलालेख आहे. तो चांगदेव आणि वाघावर बसून आलेले चांगदेव महाराज वेगळे. हेही मेसेजमध्ये रोज एक करून येतात, पण त्यासाठी पुन्हा कधीतरी.) देवळाला लागून जेसीबी चालला तर नुसता देखावा बिघडत नाही, न वाचलेलं पान फाटतं.

उरली अमेरिका. तिथे १९६६ च्या वारसा संरक्षण कायद्याचं १०६ वं कलम, म्हणजे जुन्या वास्तूंवर काय परिणाम होईल ते आधी तपासायला लावणारं, टॉवरलाही लागू आहे. २००४ मध्ये तिथल्या दूरसंचार आयोगाने त्यासाठी देशभराचा करार केला. नवीन टॉवर असेल तर राज्याच्या वारसा अधिकाऱ्याकडे ठरावीक फॉर्म जातो आणि मूळनिवासी जमातींनाही कळवावं लागतं. २०० फुटांपर्यंतचा टॉवर असेल तर नुसता ‘दिसण्याचा’ परिणाम तपासायला भोवतीचा अर्धा मैल, म्हणजे ८०० मीटर, धरतात. ४०० फुटांवर गेला तर दीड मैल. तिथे आपल्यासारखी १०० मीटरची सरसकट बंदी नाही, हे खरं. पण तपासायचा घेर आपल्या ३०० मीटरपेक्षा मोठा आहे. २०१८ मध्ये त्याच आयोगाने ‘स्मॉल सेल’ म्हणजे लहान मोबाइल-उपकरणांना या तपासणीतून सूट दिली, आणि ऑगस्ट २०१९ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने ती सूट रद्द केली. तेव्हा अमेरिकेचं नाव घेताना जरा जपून.

टेप गुंडाळत होतो तेव्हा मामा म्हणाले, “ते बठ्ठं ठीक शे. पन रेंजनं काय?”

त्यांचा हा प्रश्न मेसेजमधल्या सगळ्या मुद्द्यांपेक्षा खरा आहे. मामींना जावयाशी बोलायला गच्चीवर टाकीजवळ उभं राहावं लागतं, पावसात तेही बंद. ३०० मीटरच्या पलीकडे पुरातत्त्वाची ही अट लागत नाही. मामेभावाला घेऊन मी तिथवर चालत गेलो. नाला ओलांडला की थोडी उंचवट्याची, कोरडी, गाडीरस्त्याला लागून असलेली जागा आहे. सर्च रिंग तिथे पडली तर मी स्वतः पहिल्यांदा तीच दाखवली असती. सातबारा मामांच्या चुलतभावाच्या नावावर. दोघांचं बोलणं बांधावरून नऊ वर्षं बंद आहे. मामा बराच वेळ नाल्याकडे बघत उभे राहिले, मग म्हणाले, “चाल, च्या पी.”