सायकल विकता, मग तिची ट्यूब कोण ठेवणार?

मला स्वस्त नकोय. हे आधी सांगते, कारण दुकान की ऑनलाइन असा विषय निघाला की लगेच सुरू होतं: चार पैसे वाचवायला गावातल्या माणसाच्या पोटावर पाय देता, मग दुकानं बंद पडली की रडता. ऐकून ऐकून कान किटले. मी पाकिटावर छापलेली किंमत पूर्ण द्यायला तयार आहे. घासाघीस करणार नाही. वर बसवायची मजुरीही देईन. पण वस्तू द्या ना! वस्तूच नसेल तर मी पैसे कशाचे देऊ?

रत्नागिरी हे जिल्ह्याचं ठिकाण आहे. दुकानात २१ गिअरच्या, डिस्क ब्रेकच्या, सातशे सीच्या (हे चाकाचं माप) सायकली ओळीने उभ्या आहेत. बारावीला चांगले मार्क पडले की पोरांना घेऊन देतात, चाळिशीत डॉक्टरांनी सांगितलं की बाप स्वतःला घेतो. विक्री जोरात आहे. आणि त्याच ओळीतल्या सायकलीची ट्यूब मागितली की उत्तर येतं, "ती आपल्याकडे येत नाही." येत नाही म्हणजे काय? अख्खी सायकल ट्रकमधून उतरली, तिच्याबरोबर डझनभर ट्यूबा का उतरल्या नाहीत?

नाही म्हणून सांगितलं असतं तरी एक वेळ चाललं असतं. पण नाही म्हणायचं नसतं, काहीतरी गळ्यात मारायचं असतं. मी टायर मागितला, तर काउंटरवर २८ इंची काळ्या घोड्याचा, म्हणजे जुन्या साध्या काळ्या सायकलचा टायर आला. "घ्या, एकच असतं." एकच नसतं! जुन्या २८ × दीडच्या टायरचा आतला व्यास ६३५ मिलिमीटर, सातशे सीचा ६२२. तेरा मिलिमीटरचा फरक आहे, तो टायर रिमवर बसणारच नाही. २६ इंचाची गोष्ट त्याहून वाईट. डोंगरी सायकलचा २६ म्हणजे ५५९ आणि साध्या सायकलचा २६ × १ ३/८ म्हणजे ५९०. दोन्हीवर २६च छापलेलं. टायरच्या कडेला ३७-६२२ असा आकडा कोरलेला असतो, पहिला रुंदी आणि दुसरा व्यास. तो वाचायला कुठलं शिक्षण लागत नाही, डोळे लागतात. टायर विकून घर चालवणाऱ्याने तो वाचू नये, आणि गिऱ्हाईक वाचून दाखवतंय तर "तुम्ही नेटवरचं फार वाचता" म्हणावं?

व्हॉल्व्हचं तर विचारूच नका. माझ्या सायकलला बारीक व्हॉल्व्ह आहे, प्रेस्टा. त्याचं रिममधलं भोक साधारण साडेसहा मिलिमीटरचं. मोटरसायकलसारखा जाड व्हॉल्व्ह असतो त्याला साडेआठ लागतं. दुकानात होती ती जाड व्हॉल्व्हची ट्यूब. ती जात नाही म्हटल्यावर कारागीर उठला आणि ड्रिल मशीन घेऊन आला. "भोक मोठं करून देतो, दोन मिनिटांचं काम." अहो, अरुंद रिम आहे ती! त्या भोकाच्या दोन्ही बाजूंना टायरची कड बसायची जागा असते. तिथलं ॲल्युमिनियम कापून टाकलं की रिम कायमची कमकुवत झाली, आणि पुन्हा बारीक व्हॉल्व्हची ट्यूब घातली की ती भोकात हलून मुळाशी फाटणार. एका ट्यूबसाठी चाकाची वाट लावायला निघालेला माणूस, आणि मी हात आडवा घातला तर राग त्यालाच आला.

मग वर हे: "ताई, मिस्टरांना पाठवा, त्यांना सांगतो." सायकल माझी. पंक्चर मी काढते, चेन मी बदलते, आरे-वारेचा चढ मी चढते. ब्रेक पॅडचा नंबर लिहिलेली चिठ्ठी माझ्या हातात असते आणि दुकानदार माझ्या मागे उभ्या असलेल्या माझ्या भाच्याशी बोलतो. त्याला सायकलमधलं ओ की ठो कळत नाही. बाई सायकल चालवते हेच अजून पचलेलं नाही, मग सीट रुंद हवी, शॉर्ट्स बायकांच्या मापाची हवी, हे कुणाला सांगायचं? हेल्मेटसुद्धा "लेडीज" म्हणून गुलाबी रंगाचं लहान मुलांचं काढून दाखवतात. डोक्याचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजतात, स्त्री-पुरुष बघून नाही.

आणि हे सगळं कुठे चाललंय? कोकणात! जिथे सायकलचा एकेक भाग इतर कुठल्याही ठिकाणापेक्षा लवकर संपतो. भाट्याच्या खाडीवरून रोज जाणाऱ्या सायकलवर काय बसतं ते बघा. मीठ. हवेतच आहे ते. पावसात भिजलेली चेन पुसली नाही तर सकाळी तांबूस झालेली असते. साध्या लोखंडी केबल आतल्या आत गंजतात आणि गिअर पडेनासे होतात. लोखंडी फ्रेममध्ये ॲल्युमिनियमची सीटची दांडी ग्रीस न लावता घातली तर दोन वेगळे धातू आणि खारं पाणी मिळून ती अशी धरते की घाव घालूनही हलत नाही. नव्या सायकलला जोडणी करताना तिथे ग्रीस लावायला किती वेळ लागतो? तरीही ग्रीस न लावता सायकली विकल्या जातात. जूनपासून चार महिने पाऊस, रस्त्यावर जांभ्याचा लाल चिखल, त्यात बारीक खडी. हे सगळं ब्रेकमध्ये जातं. रेझिनचे डिस्क पॅड अशा चिखलात भराभर झिजतात, आणि ब्रेक बनवणारी शिमानो कंपनी म्हणते की पॅडवरचा थर अर्धा मिलिमीटर उरला की बदला. आंबा घाट उतरताना खाली पत्र्यावर पत्रा घासल्याचा आवाज येतो तेव्हा काय वाटतं ते ज्याचं त्याला ठाऊक. म्हणून मी पॅड मागते. चैन म्हणून नाही.

पॅड नसतातच. चेनला घालायला तेल मागा, शिलाई मशीनचं तेल पुढे येतं, नाहीतर गाडीतून काढलेलं जळकं ऑइल, बाटलीत भरून. एका ठिकाणी गंज सोडवायचा स्प्रे चेनवर मारून "झाली सर्व्हिस" म्हणून पैसे घेतले. तो स्प्रे असलेलं वंगण धुऊन काढतो, स्वतः टिकत नाही. गणपतीपुळ्याला पोचेपर्यंत चेन कुरकुरायला लागली. पावसाळ्यात दाट, चिकट वेट ल्यूब लागतं. कोकणातल्या दुकानात हे नसेल तर कुठल्या दुकानात असायचं?

आता शेजारच्या मुलाचं सांगते, कारण माझा खरा संताप तिथे आहे. बापाने आंब्याच्या सीझनचे पैसे आले तसे त्याला गिअरची सायकल घेऊन दिली. गावातल्याच दुकानातून, ऑनलाइन नाही. सायकल उजव्या बाजूला पडली आणि मागच्या गिअरचा हँगर वाकला. हँगर म्हणजे डिरेलर, चेन एका चक्रीवरून दुसरीवर सरकवणारा भाग, ज्याला लटकतो तो ॲल्युमिनियमचा छोटा तुकडा. तो मुद्दाम मऊ केलेला असतो, म्हणजे आपटल्यावर तो वाकावा आणि फ्रेम वाचावी. वाकणं हेच त्याचं काम आहे. पण हँगर मॉडेलगणिक बदलतो, एकाचा दुसऱ्याला सहसा बसत नाही. म्हणजे जो सायकल विकतो त्यानेच तो ठेवायला हवा, दुसऱ्या कुणाला तो कुठून मिळणार? दुकानदार म्हणाला, "कंपनीला विचारतो." मग म्हणाला, "कंपनीचा माणूस आला की सांगतो." मग म्हणाला, "तो आता येत नाही." पोराचा बाप साधा माणूस, उगाच वाद नको म्हणून परत आला. सायकल पडवीत उभी आहे, चेन गंजून घट्ट झाली आहे, आणि पोरगा शाळेला पुन्हा एसटीने जातोय. तळहाताएवढासुद्धा नसलेला तुकडा! तो दुकानात असता तर अर्ध्या तासात सायकल रस्त्यावर आली असती.

म्हणून आम्ही ऑनलाइन जातो. आणि तिथेही आमची फसवणूकच होते, हे मला ठासून सांगायचंय. ऑनलाइनवाल्यांची बाजू घ्यायला मी बसलेली नाही.

पहिली अडचण पिनकोड. शहरातला चालतो, पण माझी मैत्रीण पावसच्या पुढे एका वाडीत राहते, तिचा पिनकोड टाकला की "या ठिकाणी पोचवत नाही". पोचवत असतील तर कुरिअरवाला नाक्यावरून फोन करतो, इथे येऊन घेऊन जा. ती कामावर असते, येऊ शकत नाही, की लगेच नोंद होते: ग्राहक घरी नव्हता. कुणी घरापर्यंत गेलंच नाही तर घरी कोण आहे ते कळलं कसं? पार्सल परत. पुन्हा मागवा, पुन्हा थांबा.

दुसरी अडचण, जे मागवलं ते येत नाही. मी आठ गिअरची, म्हणजे मागे आठ चक्र्या असतात त्या सायकलची चेन मागवली, आली अकराची. दिसायला सारखी, पण आठची बाहेरून सुमारे ७.१ मिलिमीटर रुंद आणि अकराची साधारण साडेपाच. पाकिटावर आठ लिहिलेलं, आत अकराची. परत करायला गेले तर बटणच नाही, खाली बारीक अक्षरात "ही वस्तू परत घेतली जात नाही". हे बेकायदा आहे. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम २०२० सालचे आहेत. वस्तू सदोष, बनावट किंवा जाहिरातीत सांगितल्यापेक्षा वेगळी असेल तर विक्रेत्याला परत घ्यायला नकार देता येत नाही. तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात, असं त्यात लिहिलंय. मी हे चॅटवर लिहिलं तर पलीकडून तेच ते ठरलेलं वाक्य पुन्हा पुन्हा येत राहिलं. शेवटी १९१५ वर, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला तक्रार घातली तेव्हा पैसे परत आले. एका चेनसाठी! सगळ्यांना एवढा वेळ असतो का? नसतो, आणि त्यावरच यांचं भागतं.

बनावट मालाचं वेगळंच. ब्रेक पॅडच्या पाकिटावर कंपनीचं नाव बरोबर, आत कसला माल आहे देव जाणे. बनियनच्या बाबतीत असं झालं तर चीड येते, ब्रेकच्या बाबतीत झालं तर घाटात माणसाचा जीव जाईल.

म्हणजे इकडे आड, तिकडे विहीर. आणि मध्ये उभं राहून मला कुणीतरी सांगतं की स्थानिकांना आधार द्या.

दुकानदाराच्या अडचणी मला कळत नाहीत असं नाही. वितरक एक-दोन नग पाठवत नाही, पेटी घ्या म्हणतो. पेटीतले दहा खपतील की पडून राहतील, याची धास्ती असते. मान्य. पण २२ सप्टेंबर २०२५ ला सायकली आणि त्यांच्या भागांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला, तेव्हा "जुना माल आहे" म्हणून मला जुनाच भाव लावला. गिऱ्हाइकाच्या अडचणीच्या वेळी व्यवहार आणि तुमच्या अडचणीच्या वेळी आपलेपणा, हे चालणार नाही.

आणि कोल्हापूरचा एक दुकानदार हे करू शकतो, तर तुम्ही का नाही? त्याला मी टायरवरच्या आकड्याचा फोटो पाठवते. तो आधी विचारतो, व्हॉल्व्ह कुठला, रिम किती खोल आहे. मग माल एसटीच्या पार्सलने टाकतो, गाडी आंबा घाट उतरून येते आणि मी स्टँडवर जाऊन घेते. एक रुपयाची सूट देत नाही. पार्सलचं भाडं मीच भरते. आणि मी त्याच्याकडे पुन्हा पुन्हा जाते, कारण तो विचारतो आणि बरोबर देतो. रत्नागिरीत राहून मला रत्नागिरीच्या दुकानाला पैसे द्यायचे आहेत आणि ते घाट चढून दुसऱ्या जिल्ह्यात जातायत, याचा तुम्हाला राग येत नाही? मला येतो.

मागणी काय आहे तीही ऐका. तुम्ही जी सायकल विकता त्या मापाच्या ट्यूबा, दोन्ही व्हॉल्व्हच्या. त्याच सायकलींचे डिस्क पॅड. सात-आठ गिअरची चेन आणि तिची जोड-कडी. स्टेनलेसच्या ब्रेक आणि गिअर केबल. वेट ल्यूबच्या बाटल्या. आणि विकलेल्या प्रत्येक मॉडेलचा एक-एक हँगर. बिस्किटाच्या एका पत्र्याच्या डब्यात हे सगळं मावतं, शोकेसमधल्या एका सायकलच्या किमतीत येतं. मे महिन्यात भरून ठेवा, पाऊस लागला की खपेल. पहिली गिऱ्हाईक मी आहे, रोख देते. आणि हे ठेवायचं नसेल तर सायकल विकतानाच त्या बापाला तोंडावर सांगा, की बाबा, हिचं काही मोडलं तर माझ्याकडे काही मिळणार नाही. मग बघू किती जण घेतात.