थोडंसंच काम बाकी आहे

जुनी गाडी विकणारा माणूस खोटं बोलत नाही. तो फक्त एवढंच म्हणतो, "थोडंसंच काम बाकी आहे." हत्ती गेला नि शेपूट राहिलं, अशा थाटात. माझं म्हणणं इतकंच की शेपूट एकदा ओढून बघावं. दुसऱ्या टोकाला हत्ती जागेवरच असतो.

आधी नावाचा घोळ. काटेकोर मंडळींच्या वर्गवारीत व्हिंटेज म्हणजे १९१९ ते १९३० या काळातली गाडी. पण विकायला काढली की कुठलीही म्हातारी गाडी व्हिंटेज होते आणि किंमतही त्याच क्षणी वयात येते.

बघायला जाताना बरोबर चार गोष्टी घ्या. लोहचुंबक, टॉर्च, टाकून द्यायच्या लायकीचे कपडे आणि जुन्या गाड्यांचा मनापासून कंटाळा असलेला एक मित्र. हा मित्र सगळ्यात महत्त्वाचा. आपण दिव्यांच्या गोल डोळ्यांत हरवलेले असताना तो घड्याळ बघत असतो.

चुंबक मऊ फडक्यात गुंडाळून बॉडीवरून फिरवायचं. धरलं तर पत्रा, निसटलं तर पुट्टी, म्हणजे खड्डे बुजवायचा लेप. चाकांच्या कमानी, दाराखालची पट्टी, बॅटरीची बैठक आणि दारांच्या खालच्या कडा इथे हात जरा रेंगाळू द्या. दाराच्या तळाला पाणी निघून जायला बारीक भोकं असतात. ती मातीने बुजली की पाणी आतच मुक्काम करतं आणि पत्रा आतून बाहेर कुजत येतो. म्हणून रंगाखाली फोड दिसला तर तो गंजाची सुरुवात नसतो, तो गंज बाहेर डोकावलेला असतो. (अ‍ॅल्युमिनिअमच्या बॉडीला चुंबक कुठेच धरत नाही. तिथे मालकाशी भांडायच्या आधी हे आठवा.) आणि गाडीच्या पोटाला ताजा काळाकुळकुळीत लेप दिसला की समजावं, काहीतरी झाकलंय. नव्या रंगाचा तर मला धसकाच आहे. त्यापेक्षा उडालेला रंग परवडला, निदान तो काही लपवत नाही.

बॉडीचा सांगाडा लाकडी असेल तर दार अर्धं उघडा आणि टोकाला धरून अलगद वर उचला. बिजागरीची खीळ झिजली असेल तर दार खडखडतं आणि काम तिथेच संपतं. पण बिजागरीचे स्क्रूच दाराबरोबर वरखाली व्हायला लागले, बोटाने फिरवले की गोल फिरत राहिले आणि फटीतून तपकिरी भुसा सांडला, तर लाकूड कुजलंय. मग मिस्त्रीबरोबर सुतारही लागतो. सुतार कामाला लागेपर्यंत ते दार लाकडापेक्षा रंगाच्या भरवशावर उभं असतं.

इंजिन थंडच हवं. आल्या आल्या बॉनेटवर हात ठेवा. ऊब लागली तर गाडी तुमच्या स्वागतासाठी आधीच चालू करून ठेवलेली आहे, कारण इंजिन थंड असताना ती काय तमाशा करते हे मालकाला ठाऊक आहे. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा धूर इंजिन तापल्यावरही हटेना तर रेडिएटरचं पाणी आत शिरतंय. काळा धूर म्हणजे कार्ब्युरेटर पेट्रोल जास्त पाजतोय. तिघांत हाच जरा समजूतदार. मग तापल्या इंजिनाचे सगळे स्पार्क प्लग काढायचे, थ्रॉटल (इंजिनात हवा सोडणारी झडप) पूर्ण उघडा धरायचा आणि एकेका सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, मोजायचं. आकड्यांत १० टक्क्यांपेक्षा जास्त तफावत नको. एखादा कमी भरला तर त्यात चमचाभर ऑइल सोडून परत मोजा. आकडा चढला तर पिस्टनच्या रिंगा गेल्यात, ढिम्म राहिला तर व्हॉल्व्ह, म्हणजे झडपा. शेजारशेजारच्या दोन सिलिंडरचे आकडे बसले असतील तर बहुधा त्यांच्यामधलं हेड गॅस्केट (सिलिंडरवरच्या झाकणाखालची सीलपट्टी) फुटलंय.

"एक चक्कर मारून बघा," हे वाक्यही जपून घ्या. १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटींवर निघालेल्या फोर्ड मॉडेल टीमध्ये पायाशी तीन पेडल असतात. डावं पूर्ण दाबलं की पहिला गियर, पूर्ण सोडलं की दुसरा, अर्ध्यावर न्यूट्रल. उजवं ब्रेकचं. मधलं रिव्हर्सचं. अ‍ॅक्सिलरेटर पायाशी नाहीच, तो स्टिअरिंगखालच्या दांडीवर. आजच्या गाडीवर शिकलेला पाय घाबरून ब्रेक म्हणून नेमका मधल्या पेडलवर पडतो. गंमत म्हणजे त्यानेही गाडी थांबते, फक्त थांबलेली राहत नाही. यातल्या बहुतेक गाड्यांची टाकी पुढच्या सीटखाली आणि पेट्रोल नुसतं उताराने इंजिनाकडे येणार. टाकीत कमी असलं की उभा चढ उलट्या तोंडाने चढायचा.

हँडल मारायची पाळी आली तर आधी स्पार्क मागे घ्या, म्हणजे ठिणगी उशिरा पडेल असं करा, अंगठा चार बोटांच्याच बाजूला ठेवा आणि हँडल खालून वर ओढा. मूठ वळून दाब खाली दिलात आणि इंजिनाने उलटी लाथ मारली, तर हातासाठी वेगळा मिस्त्री शोधावा लागतो.

ब्रेकचं पेडल दाबून मिनिटभर धरा. हळूहळू खाली जायला लागलं तर तेल कुठूनतरी निसटतंय. जुन्या हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या, ब्रेकमध्ये चारही चाकांना मिळून एकच सर्किट असायचं, त्यामुळे एक नळी गेली की सगळेच ब्रेक एकदम रजेवर. टायरवर तारखेचे चार आकडे बघा: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. तीनच आकडे असतील तर टायर गेल्या शतकातला. त्याची नक्षी कितीही कोरी असो, रबर कडक झालेलं असतं.

इंजिनाचं काहीतरी होतंच. घोडं अडतं ते कुठेच न मिळणाऱ्या काचेच्या हँडलपाशी, दिव्याच्या कड्यापाशी. म्हणून सुटी करून खोक्यांत भरलेली गाडी कितीही स्वस्त मिळो, मी नको म्हणेन. काय नाही ते खोक्यात दिसत नाही.

शेवटी त्या कंटाळलेल्या मित्राकडे बघा. तो अजून घड्याळ बघत असेल तर शांतपणे भावाचं बोला. पण तो स्टिअरिंगला हात लावून "जरा बसून बघू का?" म्हणाला, तर दोघांनीही ताबडतोब तिथून निघायचं.