ओरडणाऱ्या सुनेला राक्षस ठरवणाऱ्या मेसेजला उत्तर

‘स्मृतिभ्रंश झालेल्या आईवडिलांवर ओरडणारे राक्षस असतात. खरं प्रेम असेल तिथे आवाज चढत नाही. पैसे देऊन बाई ठेवणं म्हणजे कर्तव्य झटकणं. रोज बदाम-ब्राह्मी द्या, आठवण परत येते.’ हा मेसेज आमच्या फॅमिली ग्रुपवर फिरला आणि नागपूरच्या सक्करदऱ्यातल्या मामीनेही वाचला. स्मृतिभ्रंश झालेल्या आजीचं सगळं तीच करते. तेव्हापासून ती कोणाचा फोन घेत नाही.

प्रेमाचंच आधी बोलू. 2009 साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये इंग्लंडमधली एक पाहणी आली. घरच्या माणसाची काळजी घेणाऱ्या 220 जणांना विचारलं, गेल्या तीन महिन्यांत ओरडणं, अपमान, धमकावणं असं काही तुमच्याकडून झालं का? 115 जण हो म्हणाले. मारहाणीचं सांगणारे फक्त तिघे. या 115 घरांत प्रेमच नव्हतं का? आजी दिवेलागणीला दार बडवते, ‘मला माझ्या घरी सोड.’ तोच प्रश्न पाच-पाच मिनिटांनी. भर मे महिन्यात उठून कूलर बंद करते, रात्रभर फिरते. झोपच न मिळालेलं माणूस खेकसतं हो! त्याला राक्षस म्हणालात तर ते दारं लावून खेकसेल आणि मदत मागायला लाजेल. नुकसान शेवटी आजीचंच.

एक मान्य करते, ओरडण्याने त्यांना लागतं. 2014 मध्ये अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठातल्या संशोधकांनी अल्झायमरच्या (हा स्मृतिभ्रंशाचाच एक प्रकार) रुग्णांना दुःखी चित्रफिती दाखवल्या. काय पाहिलं ते विसरले, उदासी मात्र राहिली. ओरडणं कमी व्हायलाच हवं, म्हणून तर मामीला हात द्यायचा.

बाई ठेवली तर मामीला दुपारी सलग झोपता येईल. यात झटकलं काय?

बदाम खुशाल द्या. अल्झायमर बरा करणारं औषध आज जगात कुठेच नाही.

धरमपेठेतून, मनीषनगरातून हा मेसेज पुढे ढकलणाऱ्यांनी रविवारी चार ते सात आजीजवळ येऊन बसावं. ‘घरी सोड’ म्हणाली तर वाद घालू नका, तिच्या माहेरचं काही विचारा. आणि मामी, राग अनावर झाला तर आजी सुरक्षित आहे एवढं बघ आणि दुसऱ्या खोलीत जा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर मोफत आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं.