इम्प्लांटच्या सरफेसबद्दल तो मेसेज पुढे पाठवायच्या आधी हे वाचा

म्हापशापासून काणकोणपर्यंत सगळ्या ग्रुपांवर फिरतोय तो मेसेज माझ्या मावशीलाही आला, तिचा दाताचा इम्प्लांट ठरलाय, त्यामुळे ती घाबरलीच. त्यात लिहिलंय की सरफेस ट्रीटमेंट, म्हणजे इम्प्लांटच्या बाहेरच्या पृष्ठभागावर केलेली प्रक्रिया, हा नुसता रंग, धातू तोच, मग त्याचे जास्त पैसे कशाला, शरीर बाहेरची वस्तू फेकतंच, आणि घ्यायचाच तर जास्तीत जास्त खरखरीत घ्या.

"धातू तोच." हो, पण पेशी धातूला हात लावतच नाही ना! इम्प्लांट रक्तात गेला की काही सेकंदांत रक्तातली प्रोटीन्स त्यावर बसतात, पेशी मागाहून येते आणि त्या प्रोटीनला धरते. कुठलं प्रोटीन कसं बसेल ते सरफेस ठरवतो. फायब्रोनेक्टिन नीट बसलं तर पकड मिळते, नुसत्या अल्ब्युमिनने जागा अडवली तर मिळत नाही. लॅबमधली पॉलिस्टायरीनची डिश घ्या, साध्या डिशवर पेशी नीट चिकटत नाहीत, तिलाच प्लाझ्मा ट्रीटमेंट (रक्तातला प्लाझ्मा नव्हे, विजेने भारलेला वायू) दिली की चिकटतात, प्लास्टिक तेच, कसला रंग नि काय.

आणि आपल्या शिनाण्या (खडकांना चिकटून राहणारे शिंपले) बघा, ओल्या खडकावर लाटा आपटतात तरी सुटत नाहीत. त्यांच्या चिकट प्रोटीनात डोपा नावाचा घटक असतो, त्यावरूनच २००७ साली पॉलिडोपामाइनचं कोटिंग निघालं, जवळजवळ कुठल्याही मटेरियलवर बसतं आणि त्यावर पुढे पेशींना हवी ती प्रोटीन्स जोडता येतात. टिश्यू इंजिनिअरिंगवाले (लॅबमध्ये शरीराच्या ऊती वाढवणारे) स्कॅफोल्डसाठी, म्हणजे पेशी ज्यावर वाढतात त्या सांगाड्यासाठी, हे खूप वापरतात, मला तर याचं फार कौतुक आहे.

"शरीर फेकतंच." चूक. १९५२ च्या सुमारास स्वीडनमध्ये ब्रॉनमार्क या संशोधकाने सशाच्या हाडात बसवलेली टायटॅनियमची कुपी परत निघेना, हाड तिला धरून बसलेलं, आणि १९६५ मध्ये पहिल्या पेशंटला इम्प्लांट बसले. फेल होतात तेव्हा बहुतेकदा इन्फेक्शन, सिगरेट, कंट्रोलमध्ये नसलेली शुगर अशी कारणं असतात.

"जास्त खरखरीत" हे अर्धंच खरं. हाडाला साधारण १ ते २ मायक्रोमीटरचा खडबडीतपणा मानवतो, पण तसाच भाग हिरडीपाशी उघडा पडला की त्यावर जंतूंचा थर जमतो, म्हणून बऱ्याच इम्प्लांटची मान गुळगुळीत ठेवतात.

किमतीची शंका मात्र रास्त आहे, ती विचाराच. कुठली ट्रीटमेंट, तिच्यावर किती वर्षांचा पेशंटचा डेटा, आणि साध्यापेक्षा किती जास्त पैसे, हे तीन प्रश्न मी मावशीला कागदावर लिहून दिलेत, मंगळवारी ती डॉक्टरांकडे घेऊन जाणार आहे.