हॅव काढण्याचे दहा रुपये

डुप्लिकेट पासबुकासाठी बँकेला इंग्रजीत अर्ज हवा होता. अप्पा बळवंत चौकात डीटीपीचं दुकान शोधावं लागत नाही. मी वाक्य सांगितलं, 'आय लॉस्ट माय पासबुक ऑन ५ जून.' मुलाने टाइप केलं, 'आय हॅव लॉस्ट माय पासबुक ऑन ५ जून.' हॅव काढ म्हटलं, तर "अर्जात लागतं सर" म्हणाला आणि प्रिंट काढून मोकळा झाला.

मागे एक काका उभे होते, हातात झेरॉक्सचे कागद. माझ्या खांद्यावरून त्यांनी अर्ज पूर्ण वाचला. खाते क्रमांकासकट.

"असू द्या की हॅव. भारदस्त वाटतंय."

"काका, पुढे तारीख आहे. तारीख आली की हॅव चालत नाही."

"तारीख आहे म्हणूनच हवं! नुसतं लॉस्ट म्हटलंत तर मॅनेजरला वाटेल, गंमत चाललीय. आम्ही जन्मभर सरकारी पत्रव्यवहार केला. 'आय हॅव द ऑनर टू स्टेट.' हॅवशिवाय पत्र सुरू व्हायचं नाही."

"ते हॅव वेगळं. तिथे ते मुख्य क्रियापद आहे."

"हॅव म्हणजे हॅव. बरं, पासबुक सापडलं का?"

"नाही."

"म्हणजे आजही हरवलेलंच आहे?"

"हो."

"मग हॅव!"

रांगेतल्या दोघांनी माना डोलावल्या. चीड आली ती याची, की काकांचा मुद्दा निम्मा बरोबर होता. हरवलं आणि अजून हरवलेलंच आहे, हे सांगायलाच इंग्रजीत हॅव येतं. 'आय लॉस्ट' एवढ्यावरून ते पुढे सापडलं की नाही, काहीच कळत नाही. पण ५ जून लिहिलं की तो दिवस संपलेला असतो, आणि संपलेल्या वेळेचा पत्ता दिला की हॅव बाहेर. कारण हॅव स्वतः वर्तमानकाळातलं आहे; ते आजमध्ये उभं राहून मागे बघतं, ५ जूनमध्ये जाऊन बसत नाही.

शेवटी तोड काढली, दोन वाक्यं करायची. 'आय हॅव लॉस्ट माय पासबुक. आय लॉस्ट इट ऑन ५ जून.' आधी बातमी, मग तपशील. इंग्रजी वर्तमानपत्रंही असंच करतात. मुलाने वाचलं, म्हणाला, "सेम वाक्य दोनदा आलंय," आणि मी तोंड उघडायच्या आत दुसरं उडवून तारीख पहिल्याला जोडली. काका म्हणाले, "आता कसं!" ते पुन्हा दुरुस्त करायचे दहा रुपये वेगळे पडले. हॅव त्याने घातलं, काढायचे पैसे मी दिले. बँकेत त्या बाईंनी खाली सही आहे का तेवढं बघितलं.

या सगळ्याचं मूळ शाळेत आहे. 'नुकतीच पूर्ण झालेली क्रिया म्हणजे पूर्ण वर्तमानकाळ' असं पाठ करून घेतात. यातल्या 'नुकतीच'ने पिढ्या बुडवल्या. 'ही लेफ्ट अ मिनिट अगो.' माणूस जिन्यातच असेल, तरी साधा भूतकाळ, कारण अगो आलं. उलट चौथीच्या सहलीत पाहिलेला सिंहगड म्हातारपणीही 'आय हॅव सीन सिंहगड'च. किती वेळ झाला हा प्रश्नच नाही. कधी ते सांगितलंय का, एवढंच बघायचं. यस्टरडे, लास्ट वीक, अगो, इन १९६१, आणि प्रश्नात व्हेन, यातलं काही दिसलं की हॅव खोडा. एव्हर, येट, सो फार असेल तर ब्रिटिश वळणाच्या इंग्रजीत राहू द्या. धिस मॉर्निंग दोन्हीकडचं: सकाळी अकराला 'हॅव यू सीन द पेपर धिस मॉर्निंग?', दुपारी तीनला 'डिड यू सी'. अर्थात पेठांत दुपारी तीनला बेल वाजवून हा प्रश्न विचारायची छाती कोणाची आहे?

चूक नेमकी काय गोंधळ घालते ते पानशेतवरून बघा. 'पानशेत डॅम बर्स्ट इन १९६१' हा इतिहास. 'पानशेत डॅम हॅज बर्स्ट' ऐकलं तर नदीकाठच्यांनी पर्वती गाठावी. 'आय हॅव लिव्ह्ड इन कोथरूड फॉर ट्वेंटी इयर्स' म्हणजे अजून तिथेच आहे. हॅव गाळलं की ऐकणारा विचारतो, फ्लॅट कितीला गेला?

आपली पंचाईत अशी की मराठीत 'माझं पासबुक पाच तारखेला हरवलं आहे' कुणाला खटकत नाही. आपलं 'आहे' तारखेशी भांडत नाही. 'काल मुंबईला गेलो होतो' यातलं 'होतो' तर आपण थेट 'हॅड गॉन' करून पाठवतो, जिथे 'वेंट' पुरतं. हॅड यायला आधी दुसरी एखादी भूतकाळातली गोष्ट लागते, जिच्याही आधी हे घडलं. आणि घरातून निघायच्या आधी 'आलोच!' म्हणणाऱ्या माणसांनी काळाच्या शिस्तीबद्दल फार बोलू नये, तेही खरं.

अमेरिकेत थोडी ढील आहे. 'डिड यू ईट येट?', 'आय ऑलरेडी एट' तिथे सर्रास चालतं, ब्रिटिश माणूस तिथे हॅव घालेल. पण हॅव आणि यस्टरडे अमेरिकेतही एका वाक्यात नांदत नाहीत. नांदतात ते हिंजवडीत. 'आय हॅव सेंट द फाइल यस्टरडे' असे मेल तिथून रोज जातात. क्लायंटला अर्थ बरोबर कळतो, म्हणून तो काही बोलत नाही, आणि तो बोलत नाही म्हणून टीम लीडर तेच वाक्य नव्या पोरांना टेम्प्लेट म्हणून देतो.