लकव्यानंतरचे सहा महिने आणि एक घातक मेसेज

"लकव्यानंतर मेंदूबद्दलची पाच सत्यं" असा एक मेसेज गेले काही दिवस व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतोय. असल्या मेसेजना उत्तरं देत बसायचं तर दिवस पुरणार नाही, म्हणून एरवी मी ते सोडून देते. हा सोडवला नाही, कारण तो मावशीकडून आला आणि खाली तिने लिहिलं होतं, "अगं, यांना आता आठवा महिना लागला. मग फिजिओथेरपी बंदच करू का? उगाच जिवाला त्रास कशाला द्यायचा?" काकांचा उजवा हात पुन्हा कामाला लागणार की नाही, हे कुणी निनावी माणूस ठरवणार असेल तर गप्प बसवत नाही.

मेसेजचं म्हणणं असं: सहा महिन्यांनंतर मेंदू नवीन काही शिकत नाही, तेव्हा चांगल्या हाताने सगळं उरकायची सवय लावा. स्नायूंना स्वतःची स्मृती असते, त्यामुळे दुसऱ्याने हात हलवून दिला तरी ते शिकतात. एकच हालचाल रोज सलग हजार वेळा करा आणि एकदाही चुकू देऊ नका. २१ दिवसांत मेंदूत नवी वाट तयार होते. आणि शेवटी, हालचालीची नुसती कल्पना केली तरी मेंदूला तेवढंच पुरतं.

यातला पहिला मुद्दा माणसाचं आयुष्यभराचं नुकसान करू शकतो, म्हणून बराचसा वेळ त्यालाच.

त्यात अर्धं सत्य आहे, हे नाइलाजाने मान्य करते. स्ट्रोकनंतरच्या, म्हणजे ज्या झटक्याने लकवा येतो त्यानंतरच्या, पहिल्या काही आठवड्यांत मेंदू आपणहून बराच सावरतो आणि तीनेक महिन्यांनी तो वेग मंदावतो. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत ७२ रुग्ण होते. नेहमीच्या उपचारांवर २० तासांचा जादा सराव काहींना पहिल्या महिन्यात, काहींना दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात आणि काहींना सहा महिने उलटल्यावर दिला. सगळ्यात जास्त फायदा दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यातल्या गटाला झाला, सहा महिन्यांनंतरच्या गटात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. तेव्हा लवकर सुरुवात करावी, हे खरंच. पण उशिरा दिलेले २० तास पुरले नाहीत म्हणून उशिरा काहीच होत नाही, हा निष्कर्ष त्यातून निघत नाही. आणि उशिराचं काय होतं, हे वेगळं तपासूनही झालेलं आहे.

'एक्साइट' नावाची चाचणी २००६ मध्ये 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. स्ट्रोक होऊन तीन ते नऊ महिने झालेले २२२ रुग्ण तिच्यात होते. एका गटाच्या चांगल्या हातावर दोन आठवडे जाड मोजा चढवला. जागेपणीचा ९० टक्के वेळ तो हातात असावा, असं ठरलं होतं. त्या काळात दुबळ्या हाताकडून दिवसाला सहा तासांपर्यंत कामं करून घेतली. दुसऱ्या गटाला नेहमीचे उपचार. वर्षाने मोजलं तेव्हा ठरावीक कामांना लागणारा सरासरी वेळ पहिल्या गटात १९.३ सेकंदांवरून ९.३ सेकंदांवर आला होता, दुसऱ्या गटात २४ वरून १७.७ वर.

मेसेजला खोटं पाडणारी गोष्ट त्याच्या पुढची आहे. वर्षभर थांबलेल्या त्या दुसऱ्या गटालाही मग हाच उपचार दिला. तोवर त्यांच्या स्ट्रोकला सव्वा ते पावणेदोन वर्षं होऊन गेली होती. त्यांचेही हात सुधारले. लवकर उपचार मिळालेल्यांइतकी मोठी उडी त्यांनी मारली नाही, पण दोन वर्षांच्या शेवटी दोन्ही गट जवळपास एकाच पातळीवर आले. सहा महिन्यांनी मेंदूचं दार बंद होत असतं, तर हे झालंच नसतं.

या चाचणीत सरसकट कुणालाही घेतलं नव्हतं, हेही सांगायला हवं. मनगट स्वतःच्या बळावर निदान १० अंश वर उचलता यावं, अंगठा आणि आणखी दोन बोटं थोडीतरी उघडता यावीत, ही अट होती. ज्यांचा हात पूर्ण लुळा आहे त्यांना या आकड्यांवरून शब्द देता येणार नाही आणि मी देतही नाही. काकांचं मनगट उचललं जातं.

मग सहा महिन्यांची ही समजूत इतकी पक्की कशी झाली? मला वाटतं, बराचसा दोष मोजण्याच्या पद्धतीचा आहे. कोपनहेगनच्या १९९५ सालच्या मोठ्या अभ्यासात बहुतेक रुग्णांची रोजच्या कामांमधली प्रगती तीनेक महिन्यांत थांबलेली दिसली. ती बार्थेल निर्देशांकाने मोजली होती. त्यात जेवता येतं का, कपडे घालता येतात का, जिना चढता येतो का, हे पाहतात. कुठल्या हाताने, हे पाहत नाहीत. एका हाताने सदरा घालायला शिकलेल्या माणसाला गुण मिळून जातात आणि दुसरा हात मांडीवर पडून राहतो.

"चांगल्या हाताने उरका" हा सल्ला नेमका तिथेच नेऊन सोडतो. एडवर्ड टॉब या मानसशास्त्रज्ञाने माकडांच्या एका हाताच्या संवेदना वाहणाऱ्या नसा तोडल्या होत्या. (प्रयोग क्रूर होते, पुढे त्यांच्या प्रयोगशाळेवरून कोर्टकचेऱ्याही झाल्या.) स्नायूंकडे जाणाऱ्या नसा शाबूत असूनही माकडांनी तो हात वापरणं सोडून दिलं. चांगला हात बांधून ठेवल्यावर तोच हात पुन्हा चालू लागला. प्रयत्न फसत जातो, दुसऱ्या हाताने काम भागतं, आणि हात न वापरणंच अंगवळणी पडतं. १९९६ मध्ये रँडॉल्फ न्यूडो यांच्या गटाने दाखवलं की, मेंदूला इजा झाल्यावर सराव न मिळालेल्या माकडांमध्ये हात चालवणारा, इजेच्या शेजारचा मेंदूचा निरोगी भागही आक्रसतो, आणि सराव मिळालेल्यांमध्ये तो टिकतो.

काकांच्या बाबतीत हे मी समोर बसून पाहिलंय. टेबलावरचा प्लास्टिकचा पेला उचला म्हटलं की आधी उजवा खांदा कानाकडे चढतो, अंग कमरेतून पुढे झुकतं, कोपर दुमडलेलं ते दुमडलेलंच. पेला धरला जातो, पण सोडताना बोटं उघडत नाहीत. तेवढ्यात डावा हात मदतीला धावतो. थेरपिस्ट तो डावा हात मांडीखाली ठेवायला लावते, पेला थोडा जवळ सरकवते, "काका, खांदा खाली" म्हणते आणि थांबते. बराच वेळ काहीच होत नाही. मग करंगळी सुटते, तिच्यामागून बाकीची. मावशीला तो मधला वेळ बघवत नाही, ती उठून पेला काढून घ्यायला जाते. तिची माया मला कळते. पण हात शिकत असतो तो त्याच वेळात.

यातूनच दुसऱ्या मुद्द्याचं उत्तर निघतं. "मसल मेमरी" हा बोलण्यातला शब्द आहे. शिकलेल्या हालचालीची आठवण मेंदूत राहते, दंडात नाही. नवं काहीच लक्षात न राहणाऱ्या एका रुग्णाला ब्रेंडा मिल्नर या मानसशास्त्रज्ञांनी आरशात पाहून चांदणीची आकृती गिरवायला दिली होती. रोज त्याला हे आपण आधी केलंय हेच आठवायचं नाही, तरी हात दिवसागणिक सुधारत गेला. मेंदूचा एक भाग निकामी असताना दुसऱ्याने शिकणं चालू ठेवलं होतं. आणि दुसऱ्याने हात हलवून दिल्याचं काय? २००३ मध्ये लोट्झं आणि सहकाऱ्यांनी मनगटाची एकच हालचाल काही वेळा माणसांकडून स्वतः करवून घेतली, काही वेळा यंत्राने करून दिली. स्वतः केलेल्या सरावाचा फायदा स्पष्टपणे जास्त होता. हात हलवून देण्याने सांधे आखडत नाहीत, एवढा उपयोग आहे आणि तो करावाच. पण वरच्या कप्पीवरून दोरी टाकून लुळा हात डोक्यावर ओढायचा प्रकार कृपा करून बंद करा. त्याने खांदा कायमचा दुखावू शकतो, आणि स्ट्रोकच्या उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं तो करू नका असंच सांगतात.

हजार वेळांच्या मुद्द्यातही थोडं तथ्य आहे. थेरपीत प्रत्यक्षात होणारा सराव खरोखर तुटपुंजा असतो. २००९ च्या एका पाहणीत हाताच्या उपयोगी हालचाली एका सत्रात सरासरी ३२ वेळाच झालेल्या आढळल्या, प्राण्यांवरच्या प्रयोगांत तो आकडा शेकड्यांत असतो. म्हणून सराव वाढवा, जरूर वाढवा. पण त्याच संशोधक कॅथरीन लँग यांनी पुढे जुन्या स्ट्रोकच्या ८५ रुग्णांना ३२०० पासून ९६०० आणि काहींना जमेल तितक्या आवर्तनांपर्यंत वेगवेगळा सराव दिला, तेव्हा जास्त आवर्तनं म्हणजे जास्त सुधारणा असं दिसलं नाही. नुसत्या आकड्यात जादू नाही. "सलग एकच" हे तर उलटंच आहे. शिया आणि मॉर्गन यांच्या १९७९ च्या प्रयोगापासून माहीत आहे की, एकच हालचाल घोटणारे सरावाच्या वेळी पुढे दिसतात, पण अदलूनबदलून करणाऱ्यांना नंतर ती जास्त लक्षात राहते. पेला, मग चिमटा, मग नळ, पुन्हा पेला. आणि चुकू द्यायचं नाही म्हणजे काय? हात कुठे जायला हवा होता आणि कुठे गेला, यातल्या फरकावरच मेंदू पुढची हालचाल बेततो. पडू द्यायचं नाही, दुखू द्यायचं नाही, हे बरोबर. पेला हुकला तर हुकू द्यावा.

२१ दिवसांवर फार शब्द घालवत नाही. हा आकडा मॅक्सवेल मॉल्ट्झ या प्लास्टिक सर्जनच्या १९६० च्या निरीक्षणावरून आलाय. बदललेल्या चेहऱ्याची सवय व्हायला निदान इतके दिवस लागतात, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यातलं "निदान" गळालं आणि आकडा लकव्याला चिकटला. शिवाय सहा महिन्यांनी मेंदू शिकत नाही म्हणणारा मेसेज चार ओळींनी २१ दिवसांत शिकतो म्हणतो, आणि तो पुढे पाठवणाऱ्या कुणालाही ते खटकत नाही.

राहिली कल्पना. हालचाल मनात घोळवल्याने मदत होते, पण ती प्रत्यक्ष सरावाला जोड म्हणून दिली तेव्हा. काकांनी दुपारी पडल्यापडल्या पेला उचलून सोडण्याची हालचाल मनात जरूर करावी. सकाळच्या सत्राच्या बदल्यात करू नये.