तणनाशकवाल्या ‘गुपिता’ची किंमत

इंग्लंडमधल्या मराठी ग्रुपांवर ‘गार्डनमधल्या झाडाची पाच गुपितं’ नावाचा, कौन्सिलला (स्थानिक नगरपालिकेला) न विचारता झाड कसं काढायचं ते सांगणारा मेसेज फिरतोय. परवा मावसबहिणीने तो मला पाठवला आणि खाली विचारलं, “मग कापून टाकू ना?” नको. आधी हे वाच.

पहिलं गुपित : “झाड आपल्या जमिनीत, म्हणजे आपलंच.” मालकी आपली, पण करवत चालवायची मुभा असेलच असं नाही. १९९० च्या टाउन अँड कंट्री प्लॅनिंग कायद्याखाली कौन्सिल खासगी झाडावर, झाडांच्या गटावर किंवा अख्ख्या रानावर ट्री प्रिझर्व्हेशन ऑर्डर, म्हणजे झाड राखायचा हुकूम (टीपीओ), काढू शकते. मग तोडणं, शेंडा उतरवणं, फांद्या छाटणं, मुळं कापणं, सगळ्याला लेखी संमती लागते. ऑर्डर घर घेतल्यानंतरही निघू शकते आणि निघाल्या दिवसापासूनच, आधी सहा महिने तात्पुरती, लागू होते, त्यामुळे घर घेतानाचा सर्च (वकिलाने केलेली नोंदींची तपासणी) दाखवून उपयोग नाही. काम ठरलं की कौन्सिलचा टीपीओंचा नकाशा बघायचा आणि ट्री ऑफिसरला, म्हणजे कौन्सिलच्या झाडांच्या अधिकाऱ्याला, ईमेल करायचा.

दुसरं गुपित : “सहा आठवड्यांत उत्तर आलं नाही की होकार समजा.” हे अर्धं खरं आहे, मान्य. कॉन्झर्व्हेशन एरियात, म्हणजे कौन्सिलने जपायचा ठरवलेल्या परिसरात, टीपीओ नसलेलं झाड असेल आणि १.५ मीटर उंचीवर खोडाचा व्यास ७५ मिलिमीटरपेक्षा जास्त असेल, तर सहा आठवड्यांची नोटीस द्यायची. तेवढ्यात कौन्सिलने टीपीओ लावली नाही तर काम करता येतं. टीपीओच्या झाडाला मात्र हा हिशेब लागू नाही. तिथे आठ आठवड्यांत निर्णय यायला हवा, नाही आला तर अपील. अर्जाला फी नाही, तरी लोकांना पळवाटच हवी असते!

आता सगळ्यात घातक गुपित : “खोडाला भोकं पाडून तणनाशक ओता. मेलेल्या झाडाला परवानगी लागत नाही.” संमती लागत नाही, खरंय. पण पाच कामाचे दिवस आधी लेखी कळवावं लागतं, ते ट्री ऑफिसरला येऊन बघता यावं म्हणूनच. बुंध्याशी तिरकी ड्रिलची भोकं, त्यात कोंबलेली माती, आजूबाजूची झाडं हिरवीगार आणि हे एकटंच ऐन जूनमध्ये वाळलेलं. एवढं ओळखायला शेरलॉक होम्स लागत नाही. आणि मुद्दाम झाड मारणं हा तोडण्याइतकाच गुन्हा आहे. २०१५ पासून मॅजिस्ट्रेट कोर्टातही या दंडाला कमाल मर्यादा नाही, आणि दंड ठरवताना झालेला फायदा मोजला जातो.

डॉर्सेटमधल्या पूल इथलं २०१२ चं प्रकरण बघा. एकाने शेजारच्या आवारातलं टीपीओचं झाड तोडवलं. दंड ७५,००० पौंड. शिवाय घराची किंमत वाढली म्हणून गुन्ह्यातली कमाई समजून आणखी ५०,००० पौंड जप्त. पुढच्या वर्षी अपीलही फेटाळलं गेलं.

एवढं करून एक्स्टेन्शनसाठी, म्हणजे घर वाढवायला, जागा मोकळी होते का? नाही. त्याच जागी योग्य जातीचं नवं झाड लावायची जबाबदारी मालकावर येते आणि घर विकलं तर ती नव्या मालकाकडे जाते.

बाकीची दोन गुपितं, शेजारच्या फांद्यांचं आणि प्लॅनिंग परमिशनचं (बांधकाम परवानगीचं), थोडक्यात. शेजारच्या झाडाच्या आपल्या हद्दीत आलेल्या फांद्या एरवी कापता येतात, पण टीपीओ असेल तर आधी संमती. पूर्ण प्लॅनिंग परमिशन असली तरी मंजूर बांधकामासाठी जेवढं काढणं भाग आहे तेवढंच काढायचं. परमिटेड डेव्हलपमेंटमध्ये, म्हणजे प्लॅनिंगचा अर्ज न करता चालणाऱ्या बांधकामात, तीही सूट नाही.

झाड कापणारा “मी बघतो सगळं” म्हणाला, तरी त्याच्यासोबत कापवून घेणाराही अडकतो, आणि ‘ऑर्डर आहे हे माहीत नव्हतं’ हा बचाव चालत नाही. वादळात मोडलेली फांदी रस्त्यावर लोंबत असेल तर थांबायची गरज नाही. आधी फोटो काढायचे, धोका टळेल तेवढंच कापायचं, तुकडा जपून ठेवायचा आणि लगेच कौन्सिलला कळवायचं. धोका खरंच होता हे दाखवायची वेळ आली, तर हेच कामाला येतं.